दुसरी पेशी

"खांदा दुखतो" असं कुणी म्हणालं की टेकाळेमामा त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, हाताकडे बघायचे.

"एक बोट," म्हणायचे. "दुखतंय तिथं एक बोट ठेवा. पंजा नको. पंजा ठेवला की मला जिल्हा कळतो. मला गाव पायजे, गल्ली पायजे, घर पायजे."

लोक तरी पंजाच ठेवायचे. खांदा दुखणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. तो अख्खा तळवा ठेवतो, दोनदा चोळतो आणि तोंड वाकडं करतो. मग मामा खुर्चीवरून उठायचे, त्याची बाकीची बोटं आपल्या हातानं मिटवायचे, एकच उघडं ठेवायचे आणि म्हणायचे, "आता हिंडवा." ते बोट मानेपासून निघायचं, खांद्यावरून पाठीत उतरायचं, कधी काखेत शिरायचं, कधी दंडावरून कोपरापर्यंत जाऊन परत यायचं. मामा मान तिरपी करून बघत राहायचे. बाहेर बाकावर दहा माणसं खोळंबलेली, माझा टाइपरायटर थांबलेला आणि आत हा बोटाचा प्रवास चाललेला. मला असा राग यायचा म्हणता!

औरंगपुऱ्यात एका बोळाच्या तोंडाशी आमचं एक्स-रे क्लिनिक होतं. आमचं म्हणजे डॉक्टरांचं. डॉक्टर फोटो वाचून रिपोर्ट सांगायचे, मी तो टाइप करायची आणि फोटो काढायचे, धुवायचे, वाळवायचे ते शेषराव टेकाळे. तिघांचाच कारभार. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. मी अजून बोलता बोलता तेच म्हणते आणि नातू दर वेळी मला दुरुस्त करतो. टेकाळे मूळचे वैजापूरकडचे. चाळिशी उलटलेले, उंच, वाळके, नखं फोटो धुवायच्या औषधानं कायमची तपकिरी झालेली. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. राहायचे क्लिनिकच्या मागच्या खोलीत, जेवायचे खानावळीत. एकटेच होते. लग्न झालं नसेल असं आम्ही धरून चाललो होतो, विचारलं कुणीच नाही.

छातीचा, गुडघ्याचा, मनगटाचा फोटो मामा चार माणसांसारखे मुकाट्यानं काढत. वेड काय ते खांद्याचं.

"खांदा लई लबाड सांधा हाय, बाई," ते मला सांगायचे. मला ते बाईच म्हणत. "समोरून फोटो काढला की तो शाळेतल्या ग्रुप फोटोवानी वागतो. ताठ उभा राहतो, हसतो. मागून सदरा फाटलाय ते दिसतंय का? नाय दिसत."

मी मान डोलवायची. नाही डोलवली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

मामांचं शिक्षण उर्दूत सुरू झालेलं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सातवीत होते. एका सुट्टीत पुस्तकं बदलली, मास्तर बदलले आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं गणितही त्याच सुट्टीत बसलं ते कायमचं. उर्दू मात्र जिभेवर राहिली. त्यात वडिलांचा बांधावरून दावा चाललेला, त्यामुळे लहानपण वैजापूरच्या कचेरीच्या पायऱ्यांवर, वडिलांच्या पेशीची वाट बघण्यात गेलं. पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, सुनावणी. तो शब्द त्यांच्या डोक्यात असा काही बसला की खांद्याच्या फोटोला ते फोटो म्हणेनातच. समोरून काढला ती पहिली पेशी. काखेतून काढला ती दुसरी. पाठीमागून तिरपा काढला ती तिसरी. "एका पेशीत खांद्याचा निकाल लावायचा नाय," हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकायची आणि शनिवारी पाचदा.

बाहेरचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे: उजवा खांदा, समोरून. बस्स. मामा चिठ्ठी उलटी करून मागं लिहायचे, "एका पेशीत निकाल नाही. दुसरी पेशी लावण्यास मंजुरी द्यावी." आणि पेशंटच्या हाती ती चिठ्ठी परत धाडायचे. बरेच डॉक्टर हसून मंजुरी देत. काही चिडत. पुण्याहून नवीनच आलेले एक तरुण डॉक्टर तर चिठ्ठी घेऊन स्वतःच आले. घामाघूम झालेले.

"टेकाळे कोण इथं? अहो, मी साधा एक्स-रे मागितला होता. यात पेशी कुठून आल्या? तुम्ही सूक्ष्मदर्शक लावता का? आणि दुसरीच पेशी का? पहिलीचं काय झालं?"

"पहिली झाली ना, साहेब," मामा म्हणाले. "आरोपी निर्दोष सुटला. पण मला संशय हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टाइपरायटरमध्ये तोंड घातलं, कारण हसू आवरत नव्हतं. अर्ध्या तासानं ते बाहेर पडले तेव्हा स्वतःच्याच खांद्यावर एक बोट ठेवून चालले होते.

त्याच डॉक्टरांनी पुढं एकदा एका मेंढपाळाला आमच्याकडे धाडलं. चिठ्ठीत मानेचा फोटो मागितलेला आणि तक्रार लिहिलेली, चक्कर. तो काठी टेकून पाय रोवून उभा; चक्कर येणारा माणूस असा उभा राहतो होय? मामांनी त्याला एक बोट ठेवायला सांगितलं. त्यानं हात मागं नेऊन पाठीवर, खवाट्याच्या हाडावर बोट टेकवलं. "फरा धरलाय," म्हणाला. मेंढराच्या, बैलाच्या खवाट्याला फरा म्हणतात आणि ही माणसं स्वतःच्याही. पुण्याच्या डॉक्टरांनी ऐकलं होतं 'फेरे'. फेरे येतात म्हणजे गरगरतं, म्हणजे चक्कर! मामांनी खवाट्याचा फोटो काढला, हाडाला बारीक तडा होता, आणि मेंढपाळ जाताना मला म्हणाला, "ह्या बाबाला मेंढरातलं लई कळतं."

कोणत्या दुखण्याला कोणती पेशी, याचा मामांकडे पक्का हिशेब होता. पडला असेल तर समोरून आणि काखेतून. पडला नाही, नुसताच महिनोन्महिने हात वर जात नाही, तर हात आत वळवून एक आणि बाहेर वळवून एक. गळ्याकडच्या हाडाच्या टोकाला उंचवटा आला असेल तर दोन्ही मनगटांना वजन लटकवून, दोन्ही खांदे एकाच फोटोत. या वजनासाठी त्यांनी गावाकडून बाजरी आणली होती. सारख्या मापाच्या दोन कापडी पिशव्या, मामांनी स्वतः शिवलेल्या. त्यातली एक पिशवी एक पेशंट घेऊन गेला. मनगटाला बांधली म्हणजे ती उपचारातलीच, असं त्याला वाटलं. आठ दिवसांनी रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मामा त्याच्यावर धावूनच गेले.

"पिशवी कुठंय?"

"संपली की. रोज एक भाकरी केली. लई फरक पडला बगा."

मामांनी दुसऱ्या दिवशी नवी बाजरी आणली. दोन्ही पिशव्यांवर शाईनं 'खाऊ नये' असं लिहिलं.

क्लिनिकबाहेरही सुटका नव्हती. रस्त्यानं जाताना मामा लोकांचे खांदे बघायचे. "तो बगा, रिक्षावाला. डाव्या हातानं किक ओढतोय. उजव्याची दुसरी पेशी लावली पायजे." माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ जमवायचं चाललं होतं, मुलाकडचा फोटो मी कौतुकानं मामांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, सवयीनं उलटाही करून बघितला आणि म्हणाले, "बाजूनं काढलेला नाय का?" मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी टाइप करून माझाच खांदा भरून आला आणि मी चुकून त्यावर पंजा ठेवला. झालं! "एक बोट, बाई." जळ्ळी ती बोटं, असं मी म्हणाले. पण ठेवलं. करते काय!

मी हे सगळं हसत सांगते आहे, कारण नऊ वर्षं मी त्या माणसाकडे हसण्यावारीच बघितलं. शेजारच्या टेबलावर बसलेला एक विक्षिप्त गृहस्थ, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. मग चंद्रकला आली.

सुगीच्या थोडं आधीची गोष्ट. लासूर स्टेशनच्या पुढच्या एका वाडीवरची मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची. बरोबर आई आणि चुलते. कडब्याच्या गंजीवरून पडली म्हणाले. आठ दिवस तेल चोळून झालं, मग तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: उजवा खांदा, समोरून. आई मुलीला घेऊन आत गेली आणि चुलते बाकावर टेकले. टेकल्या टेकल्या मला सांगून मोकळे झाले की पोरीचं लग्न ठरलंय, पोरगा वैजापूरला मार्केट यार्डात कामाला आहे, सुगी झाली की बार उडवायचा, तवा फोटो जरा बिगीनं काढा.

फोटो निघाला. आमच्या डॉक्टरांनी तो ओलाच उजेडात धरला. "ठीक आहे. कुठं मोडलेलं नाही. नॉर्मल लिहा," म्हणाले आणि जेवायला घरी गेले. डॉक्टर माणूस भला होता, पण भुकेला कच्चा. मी मशीनमध्ये कागद चढवला.

"बाई, टाइप करू नका," मामा म्हणाले.

"डॉक्टर नॉर्मल म्हणाले."

"हे दंडाच्या हाडाचं डोकं बगा. किती गोल दिसतंय! बल्बावानी. हे असं गोल कवा दिसतं? हात आत वळून तसाच अडकला तर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

मामांनी मला सोडलं आणि आतल्या दारातून मुलीला हाक मारली. "पोरी, तीर्थ घ्यायला हात कर बरं."

तिनं डावा हात पुढं केला.

"अगं, तीर्थाला डावा?" आई खेकसली. मुलगी खाली बघू लागली. मग तिनं उजवा हात पुढं करून बघितला. दंड अंगाला चिकटलेला, हात पोटाकडे वळलेला. तळवा काही केल्या वर होईना. तिच्या कपाळावर घाम आला.

"आठ दिस झाले, असाच हाय," ती म्हणाली. "वळतच नाय."

"दुसरी पेशी," मामा म्हणाले.

"आता आणिक कशाला?" आई म्हणाली. "डाक्टर चांगलं हाय म्हनले ना?"

"काखेतून काढायचाय."

"काखेतून? बाप्याच्या म्होरं? नाय, नाय!"

म्हणून मला आत बोलावलं. मीही जेवले नव्हते, कुरकुरतच गेले. मुलीच्या झंपराची बटणं सोडली, अंगावरून चादर धरली. हात वर जात नाही तर काखेतून फोटो निघणार कसा, असं मला वाटलं. मामांनी तिला टेबलाच्या कडेला पाठ करून उभं केलं, फोटोची काच मागं टेबलावर ठेवली आणि तिला हळूच मागं रेलायला लावलं. यंत्राचं तोंड वरून. हात तसूभर हलवावा लागला नाही. "भिऊ नको. दुखलं तर सांग, मी थांबतो," असं ते तिला दोनदा म्हणाले. मी भिंतीआड गेले.

तो फोटो धुऊन आला तेव्हा मलासुद्धा कळलं. खांद्याची वाटी मोकळी आणि हाडाचा गोळा तिच्या मागं जाऊन बसलेला, घरातलं माणूस रुसून परसात जाऊन बसावं तसा.

मामांनी दार लोटलं.

"आई, हिला करंट लागला व्हता का?"

"नाय बा."

"मग फीट आली."

"काहीबी काय बोलता!" आई एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "गंजीवरून पडली ती."

"गंजीवरून पडलं की खांदा पुढं निसटतो. असा मागं जातो तो विजेच्या झटक्यानं, नायतर फीट येऊन. बाकी कशानं गेलेला मी अजून पाहिला नाय."

मुलगीच बोलली. "दोनदा आली. झोपेत."

"गप ए!" म्हणून आईनं तिच्यावर हात उगारला आणि तोच हात तोंडावर घेऊन ती खाली फरशीवर बसली. रडली नाही लगेच. मामांकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्या पाया पडते. डाक्टरला सांगू नका. भाईर माझा दीर बसलाय, त्याला बी ठाव नाय. पयला फोटू चांगला आलाय ना? तोच द्या. हात ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या तसाच, डाव्या हातानं करंल ती. पर हे कळलं तर लगीन मोडंल. मग हिला कोन करंल, सांगा?"

मी मुलीचं झंपर नीट करत होते. मला वाटलं, आता मामा पेशीवर व्याख्यान झोडणार. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बाईसमोर बसले.

"माझी बायको अशीच व्हती," ते म्हणाले.

माझा हात बटणावर थांबला.

"लग्नाला वरीस झालं व्हतं. एका सकाळी उठली ती हात धरूनच. कशानं झालं ते तिला पण सांगता येईना. झोपेत फीट यायची तिला, पण ते आमाला लई उशिरा कळलं. फोटो काढून आणला. समोरून, एकच. चांगला आला. मग माझी आई म्हणली, फोटो चांगला हाय, तर हिला भाकरी थापायला काय धाड भरली? सोंग करती. मी पण तेच म्हणलो. तो फोटो हातात धरून तिच्या तोंडावर म्हणलो, सोंग करती. दिवाळीला माहेरी गेली, ती मी परत आणायला गेलोच नाय."

आई आता वर बघत होती.

"पुढं मला दवाखान्यात काम लागलं. हे फोटोचं शिकलो. एक दिवस काखेतून एकाचा फोटो काढला, धुतला, उजेडात धरला आणि मला तिचा हात आठवला. तसाच उठून गेलो, तिला घेऊन आलो. तिची दुसरी पेशी मीच लावली. गोळा मागंच. पाच वर्षं तिथंच रुतून बसलेला. कुणी बसवून द्यायला तयार व्हईना. मी तिला म्हणलो, चल घरी, तुझं खरं निघालं."

"मंग?" आईनं विचारलं.

"ती म्हणली, ज्याला बायकोचं दुखणं फोटोत बघावं लागतं, त्याच्याकडं मी नाय नांदत."

बाहेर चुलते खाकरले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, त्या न पाहिलेल्या बाईच्या बाजूनं. नऊ वर्षं ज्याला मी हसले तो असा कुणीतरी होता, याचाही राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना.

मामा उठले. आवाज नेहमीचा, कामाचा. "डॉक्टरला मी सांगणार. भूल देऊन खांदा बसवायचाय, तवा फीट त्यांना ठाऊक पायजे. गोळ्या पण चालू करतील ते. आठ दिवसच झालेत, अजून बसंल. आणि नवऱ्याकडच्यांना तुमी सांगा. मोडायचं असंल तर आत्ता मोडू द्या. नांदायला गेल्यावर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"आमच्यात कोन सांगनार हे?" आई म्हणाली.

"मी सांगन," चंद्रकला म्हणाली. आई तिच्याकडे बघतच राहिली.

डॉक्टर जेवून आले. दुसरा फोटो त्यांनी उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्या मशीनमधला 'नॉर्मल'चा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढला. मामांना एवढंच म्हणाले, "टेकाळे, बरं झालं." दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात भूल देऊन चंद्रकलाचा खांदा बसवला. फिटच्या गोळ्याही सुरू झाल्या.

पुढचं मला तिच्या चुलत्यांनी बाकावर बसून सांगितलं, ती पुन्हा फोटोला आली तेव्हा. फिटचं कळल्यावर नवऱ्याच्या बापानं निरोप धाडला होता की सोयरीक मोडली. घरात तीन दिवस चूल धड पेटली नाही, आई तर पोरीशी बोलेना. मग एक दिवस नवरा मुलगाच यार्डातून रजा टाकून वाडीवर आला. पडवीत बसून चंद्रकलाला विचारलं, नेमकं काय होतं तुला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा पिऊन गेला आणि बापाला म्हणाला, करीन तर हीच. "आता आमी तरी काय बोलावं?" चुलते म्हणाले. आत मामांनी दोन पेशी लावल्या होत्या. गोळा वाटीत होता.

सुगी झाल्यावर क्लिनिकच्या पत्त्यावर पत्रिका आली. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं, वर नाव, 'श्री. शेषराव टेकाळे, फोटोवाले'. मामांनी ती तीनदा वाचली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली.

"बाई, हे 'सहकुटुंब सहपरिवार' सगळ्यांनाच छापतात का?"

"सगळ्यांनाच."

"म्हणजे त्याला काय अर्थ नसतो."

"अर्थ असतो की नाही, ते जाऊन विचारा," मी म्हणाले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. त्या दिवशी कसं निघून गेलं तोंडातून, कोण जाणे.

रविवारी मामा गेले. त्यांची बायको वैजापूरच्या अलीकडं एका गावात भावाजवळ राहत होती. सोमवारी ते कामाला आले, छातीचे दोन आणि पायाचा एक फोटो काढला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत मी कळ काढली.

"गेला होतात?"

"व्हय."

"येणार का त्या लग्नाला?"

"नाय." ते फोटोची काच पुसत होते, ती पुसतच राहिले. "बारा वर्षांनी गेलो. ओट्यावर बसलो. तिच्या भावजयीनं पाणी दिलं. मी पोरीचं सगळं सांगितलं. दारात उभं राहून ऐकलं तिनं, एक सवाल केला नाय. मग म्हणली, मला काय यायचं नाय. मी उठलो. पायऱ्या उतरलो, तवा मागून म्हणली..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, हार घालताना पोरीचा हात वर जातो का, ते नीट बगा. आणि येऊन सांगा."

लग्नाला मीही गेले. मला वेगळी पत्रिका नव्हती, तरी गेले. मामा माझ्याआधीच पोचलेले, इस्त्रीचा सदरा घालून. आधी ते बोहल्यासमोर उभे राहिले. मग वाजंत्र्यांच्या बाजूला सरकले. तिथूनही मनासारखं दिसेना, म्हणून नवरीच्या मागं, बायकांच्या घोळक्यात घुसले आणि दोन करवल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. मुलगा चांगला उंच होता, वर फेटा. चंद्रकलानं दोन्ही हातांत हार घेतला. डावा हात वर गेला. उजवा त्याच्याबरोबर निघाला, खांद्याच्या वर गेला, फेट्याच्याही वर गेला आणि हार गळ्यात पडला.

वाजंत्री कडाडली. मी मामांना शोधलं तर ते मांडवाच्या तोंडाशी चपला घालत होते. चंद्रकलाच्या आईनं त्यांचा हात धरला होता.

"दादा, पंगत बसतीय. जेवल्याबिगर जाऊ नका."

"वैजापूरची गाडी चुकंल," मामा म्हणाले, आणि डोक्यात अक्षता तशाच घेऊन रस्त्याकडे निघाले.